गाडी खाली बसवायची, पण किती?

साहित्य मंडळाच्या अंकात स्प्रिंग आणि टायरवरचा लेख बघून काही जण सरळ पुढच्या कवितेकडे वळतील. हरकत नाही. पण आपल्या गेटबाहेर संध्याकाळी काळ्या अलॉय व्हीलवाली, पोट रस्त्याला टेकेल इतकी खाली बसवलेली एखादी गाडी उभी असतेच, आणि तिच्याभोवती घोळकाही असतो. त्या घोळक्यातल्या प्रत्येकाला आपली गाडी तशी करायची असते. किती खाली, असं विचारलं की उत्तर बोटांत येतं. 'दो उंगली.' म्हणजे टायरचा वरचा काठ आणि मडगार्डची कड यांच्यामध्ये फक्त दोन बोटं मावतील एवढी फट. हैदराबादेत या कामाचं हेच अधिकृत एकक समजा.

मला हे एकक पटत नाही. कारण घरगुती आहे. माझ्या दादाला आमची २०१२ सालची स्विफ्ट खाली बसवून तिला नवी चाकं लावायची होती. बजेट ४५ हजार, आणि घरात गाडी एकच. सोमवार ते शनिवार ती त्याची असते. रविवारी मात्र पप्पा, मम्मी, आजी, तो आणि मी असे पाचजण तिच्यात बसून मिस्साला जातो. आजीचे गुडघे बघता गाडी बंद पडली तर रिक्षा हा काही सोपा पर्याय नाही. म्हणून पैसे देण्याआधी सगळं मोजून बघू, असं मी म्हटलं आणि ते काम अर्थातच माझ्याच गळ्यात पडलं.

हौस मात्र जुनी आहे, तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वस्त्यांतली पोरं जुन्या शेव्हरोले घ्यायची आणि डिकीत वाळूची पोती भरून, नाहीतर स्प्रिंग कापून त्या खाली बसवायची. हळू आणि ऐटीत जायचं, रस्त्याने आपल्याकडे बघितलं पाहिजे, एवढाच हेतू. या गाड्यांना लोरायडर म्हणतात. पुढे कित्येकांनी बॉनेटवर किंवा डिकीवर ग्वादालुपेच्या मरियामातेचं चित्र रंगवून घेतलं. (आमच्या डॅशबोर्डवरचा छोटासा संत ख्रिस्तोफर यापुढे फारच साधा वाटतो.) १९५८ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली असता कामा नये. त्यावर १९५९ मध्ये रॉन अगीरे नावाच्या तरुणाने आपल्या कॉर्व्हेटला विमानातलं हायड्रॉलिक सामान बसवलं. हवी तेव्हा गाडी खाली, पोलीस दिसला की वर! तो कायदा रद्द व्हायला १ जानेवारी २०२४ उजाडावी लागली.

आता आपल्या शहरात या. दादाला एका गॅरेजमध्ये मिळालेला सल्ला जवळपास तोच होता: 'नवे स्प्रिंगां कायकू भाई? काट देते. दो हजार में हो जाता, टेन्शन नक्को लेओ.'

हे काटणं काय असतं ते नीट समजून घेऊ, कारण बजेट कमी असलं की सगळ्यांची गाडी इथेच येऊन थांबते. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. शॉकअॅब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत शॉकअप, वजन पेलत नाही. तो फक्त स्प्रिंगचं उड्या मारणं थांबवतो. समजा, स्प्रिंगला काम करणारे सहा वेढे आहेत. त्यातला एक कापला तर उरलेली स्प्रिंग २० टक्के जास्त कडक होते. लांब पट्टी सहज वाकते, तिचाच अर्धा तुकडा वाकवायला जोर लागतो, तसंच हे. कडक होण्यात तसं वाईट काही नाही. खाली बसलेल्या गाडीच्या चाकाला वर-खाली व्हायला जागा कमी उरते, तेव्हा स्प्रिंग थोडी कडक हवीच.

वाईट आहे ते टोक. कंपनीची स्प्रिंग ज्या वाटीत बसते, त्या वाटीच्या आकाराचं तिचं टोक घडवलेलं असतं. कापलेलं टोक त्यात नीट बसत नाही. शिवाय स्प्रिंग आखूड झाली, पण शॉकअप तेवढाच लांब राहिला. चाक खड्ड्यात लोंबकळलं की शॉकअप पूर्ण उघडतो, स्प्रिंग सैल पडते आणि जागेवरून सरकू शकते. मग चाक धाडकन वर येतं, तेव्हा ती कुठे बसेल याचा नेम नाही. गॅसच्या ज्योतीने स्प्रिंग तापवून बसवणं ही याहून वाईट गोष्ट. स्प्रिंगच्या पोलादाला दिलेलं पाणी त्या उष्णतेत उतरतं. मग ती दर महिन्याला थोडी थोडी बसत जाते, किंवा एके दिवशी मोडते. दोन हजारांत मिळतं ते हे.

दुसरा रस्ता म्हणजे तयार आखूड स्प्रिंगांचा सेट. हे सेट साधारण ३० ते ४० मिलिमीटर गाडी खाली आणतात. टोकं नीट घडवलेली असतात, कडकपणा हिशेबाने वाढवलेला असतो आणि चाक पूर्ण लोंबकळलं तरी स्प्रिंग वाटीत घट्ट राहते, किंवा राहायला हवी. बसवल्यावर गाडी जॅकवर घेऊन हाताने हलवून बघायचं. पण सेट घेतला म्हणजे खर्च संपला असं नाही. बारा वर्षं चाललेल्या शॉकअपवर नवी कडक स्प्रिंग चढवली तर गाडी टपोरी घोड्यासारखी उधळत राहते. शॉकअप गेला की नाही हे बघायला मेकॅनिक लागत नाही. गाडीचा एक कोपरा दोन्ही हातांनी जोरात दाबून सोडा. एकदा वर येऊन थांबली तर ठीक, डोलत राहिली तर तो संपलाय. त्यावर तेलाचा ओघळ दिसला तर दाबायचीही गरज नाही. आमचे चारपैकी तीन डोलत होते.

पुढच्या चाकांच्या स्प्रिंग शॉकअपवरच दाबून बसवलेल्या असतात. त्या काढायला स्प्रिंग दाबून धरणारी हत्यारं लागतात आणि दाबलेली स्प्रिंग निसटली तर जबडा फोडते. हे काम यूट्यूब बघून घरी करायचं नाही. गॅरेजवाल्याला मात्र दोन गोष्टी सांगायच्या. एक, स्प्रिंग निघालीच आहे तर वरचं माउंटिंग आणि बंप स्टॉपचं रबर बदलून घ्या, नाहीतर तीच मजुरी पुन्हा जाईल. दुसरी, आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना शेवटचे आवळू नका. चाकं जमिनीवर टेकवून, वजन आल्यावर आवळा. नाहीतर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. आठवड्याभराने स्प्रिंग बसल्या की व्हील अलाइनमेंट करायचंच. गाडी खाली आली की चाकांचे कोन बदलतात. चाकं किंचित आत किंवा बाहेर बघत राहिली तर नवे टायर काही हजार किलोमीटरमध्ये एका कडेने खाल्ले जातात. हेडलाइटचा झोतही तपासा.

एवढं सगळं कळलं, तरी मूळ प्रश्न उरतोच. किती? त्याचं उत्तर मला गाडीत मिळालं नाही, रस्त्यात मिळालं.

इंडियन रोड्स काँग्रेसने गतिरोधकाचं माप ठरवून दिलेलं आहे: रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, वरचा उंचवटा १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. ताशी २५ किलोमीटरने तो आरामात पार व्हावा. आमच्या स्विफ्टच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २.४३ मीटर. म्हणजे अशा गतिरोधकाच्या मध्यावर गाडी आली की चारही चाकं उंचवट्यावरच असतात आणि पोटाखाली रस्ता फक्त ४३ मिलिमीटर वर उचललेला असतो. (दहावीच्या भूमितीवर मी पुन्हा कधी प्रेम करीन असं वाटलं नव्हतं.) असे गतिरोधक सगळीकडे असते तर दादाने गाडी खुशाल तीन बोटं खाली आणली असती.

पण आपल्या कॉलनीतले गतिरोधक कुणी वर्तुळाचा तुकडा घेऊन बनवत नाही. पाइपलाइनचं खोदकाम बुजवताना उरलेल्या काँक्रीटचा ढीग केला, झाला गतिरोधक. त्याची रुंदी दीड-दोन फूट. पुढची चाकं पलीकडे उतरतात, मागची अलीकडेच असतात, आणि मधला आख्खा ढीग पोटाखाली येतो. इथे ४३ मिलिमीटरची सवलत नाही. ढिगाची पूर्ण उंची मोजावी लागते. मेट्टुगुड्यात आमच्या घरापासून चर्चपर्यंत असे सात आहेत. एका रविवारी दुपारी रस्ता रिकामा असताना मी सरळ फळी आणि टेप घेऊन सातही मोजले. शेजारच्या काकांनी मला महापालिकेची समजून ड्रेनेजची तक्रार सांगितली. सर्वांत बुटका ८ सेंटिमीटर, सर्वांत उंच १२.

मग गाडी. कंपनीच्या कागदावर आमच्या स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १७० मिलिमीटर आहे. कागद बाजूला ठेवून आम्ही सपाट जागी सर्वांत खालच्या भागाशी टेप लावली. रिकामी असताना १६.५ सेंटिमीटर. मग पाचहीजण आत बसलो (टेप धरायला वॉचमनकाका) आणि आकडा आला १३. म्हणजे पाच माणसांनी गाडी साडेतीन सेंटिमीटर खाली बसते. नवी स्प्रिंग थोडी कडक, समजा २० टक्के, म्हणून भाराने ती थोडी कमी, तीनेक सेंटिमीटर बसेल. ३० मिलिमीटर खाली आणलेली गाडी रिकामी १३.५ वर, आणि रविवारी साडेदहा. उंच गतिरोधक १२ चा.

हे गणित दादाला वहीच्या पानावर दाखवलं तेव्हा तो म्हणाला, 'मग आजी आणि तू उतरून चाला ना, पलीकडे परत बसा.' चर्चेला असं वळण लागतं.

प्रामाणिकपणे सांगते, एकट्याची गाडी असेल आणि रोजचा रस्ता नीट असेल तर ३० मिलिमीटर चालून जातात. १५८ किलोमीटरच्या आउटर रिंग रोडवर खाली बसलेली गाडी वळणांवर खरंच कमी झुकते, हा काही भ्रम नाही. अडचण रिंग रोडवरून उतरून घरी पोचण्याची आहे. आणि पावसाची. गाडी तीन सेंटिमीटर खाली आली की इंजिनात हवा ओढणारं तोंडही तेवढंच खाली येतं. ऑक्टोबर २०२० चा पूर ज्यांनी पाहिलाय, किंवा जुलैमध्ये रेल्वेच्या पुलाखाली साचलेल्या पाण्यासमोर जे थांबलेत, त्यांना तीन सेंटिमीटर म्हणजे काय ते माहीत आहे. त्या तोंडातून पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग ४५ हजारांचं बजेट विसरायचं.

आता चाकं. इथे मात्र थोड्या पैशात खूप करता येतं, फक्त टायरवरचा आकडा वाचता यायला हवा. आमच्या मॉडेलचे मूळ टायर १६५/८० आर १४. पहिला आकडा मिलिमीटरमध्ये रुंदी, दुसरा बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के ते, शेवटचा रिमचा व्यास इंचांत. म्हणजे भिंत १३२ मिलिमीटर, पूर्ण चाकाचा व्यास सुमारे ६२०. याच स्विफ्टच्या महागड्या मॉडेलला कंपनीच १८५/६५ आर १५ देते: भिंत १२०, व्यास ६२१ च्या आसपास. १९५/५५ आर १६ घेतला तरी व्यास ६२१. २०५/४५ आर १७ चा ६१६. रिम मोठा होत गेला, भिंत बुटकी होत गेली, एकूण चाक तेवढंच राहिलं. म्हणून स्पीडोमीटर खोटं बोलत नाही आणि टायर मडगार्डला घासत नाही. आणि म्हणूनच मोठा रिम लावल्याने गाडी खाली येत नाही, हेही पुष्कळांना माहीत नसतं.

सतरा इंची चाक फोटोत सुंदर दिसतं. पण १३२ ची भिंत ९२ वर आली की खड्ड्याचा दणका टायरऐवजी रिमच खातो. शिवाय टायरवर रिमच्या आकड्यानंतर भार सांगणारा अंक असतो. ८५ म्हणजे ५१५ किलो, ८४ म्हणजे ५००. साधा २०५/४५ आर १७ बहुधा ८४ चाच मिळतो. म्हणजे जास्त पैसे देऊन मूळ टायरपेक्षा कमी वजन पेलणारा टायर! माझं मत स्पष्ट आहे: आपल्या रस्त्यांवर छोट्या गाडीला पंधरा इंच पुरे.

त्यात कायद्याचीही सोय होते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल करता येत नाही की आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने एका केरळच्या प्रकरणात हे कलम कडकपणे वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. कंपनीने त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला दिलेलं चाक लावलं तर वाद घालायला तुमच्या हातात काहीतरी असतं. खाली बसवलेल्या गाडीबाबत तसं काहीच नसतं. विमा कंपनीला बदल कळवायचा असतो, हे तर गॅरेजमध्ये कुणी सांगतच नाही.

म्हणून आम्ही राणीगंजमध्ये नव्या चकचकीत डिस्कऐवजी वरच्या मॉडेलचे काढलेले कंपनीचे अलॉय शोधत फिरलो. जुने अलॉय घेताना रंगावर जाऊ नका, रंग फाटलेल्या गोष्टी लपवतो. आतली कड बोटाने चाचपा. वेल्डिंगचा उंचवटा लागला की ठेवून द्या. पैसे देण्याआधी चारही रिम बॅलन्सिंगच्या मशीनवर फिरवून घ्या, वाकडा रिम लगेच डुलताना दिसतो. नटांची जागा जुळली पाहिजे: आमच्या गाडीला चार नट, १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर. मधलं भोक हबवर घट्ट बसायला हवं, आमच्याकडे ५४.१ मिलिमीटर. बाजारातल्या डिस्कचं भोक पुष्कळदा मुद्दाम मोठं ठेवलेलं असतं, म्हणजे ती कुठल्याही गाडीला लागते. मग मधे योग्य मापाची रिंग घालावी लागते, नाहीतर ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं. आणि टायर नवे म्हणून मिळाले तरी बाजूवरचे चार आकडे बघा. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आम्हाला दाखवलेला पहिला 'नवा' सेट तीन वर्षं जुना होता.

हिशेब असा झाला: जुने अलॉय १४ हजार, चार टायर १९ हजार २००, चार शॉकअप ८ हजार, माउंटिंग आणि बंप स्टॉप १ हजार ८००, मजुरी दीड हजार, अलाइनमेंट-बॅलन्सिंग हजार. जुने टायर दोन हजारांना गेले, म्हणजे खिशातून ४३ हजार ५००. स्प्रिंग जुन्याच. दादा दोन दिवस गाडीकडे बघून उसासे टाकत होता. पण नवे शॉकअप लागल्यापासून गाडी गतिरोधकावरून उतरताना डोलत नाही, आणि रुंद टायर कमानीत भरून दिसतो, हे त्याने स्वतःच कबूल केलं.

जुना लोखंडी रिम एक ठेवला, स्टेपनी म्हणून. व्यास तेवढाच असल्यामुळे तो चालतो. (आपण रोज वापरतो तो स्टेपनी हा शब्द वेल्समधल्या लानेल्ली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून आलाय. तिथल्या दोघा भावांनी १९०४ च्या सुमारास जादा चाक विकायला सुरुवात केली. इंग्लंडमध्ये शब्द विसरला गेला, आपल्याकडे टिकला.) नवे अलॉय लावल्यावर शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळायचे असतात, ठरलेल्या मापानेच, पान्यावर उभं राहून नाही. तेवढं काम या शनिवारी आहे. दादाने टेप मागून घेतली आहे. ऑफिसच्या रस्त्यावरचे गतिरोधक त्याला आता स्वतः मोजायचे आहेत.